ऑब्रीचा उताराचा कोबा

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, आमच्या माताउरात तेव्हा घरच्या कामाला पैसे देऊन माणूस आणणं म्हणजे नामुष्की. त्यामुळे गॅरेजचा कोबा ऑब्रीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकसष्ट साली स्वतःच घातला. शेजारचे चौघे आले, बिअरची पेटी आली आणि संध्याकाळपर्यंत जमीन तयार झाली. गाडी धुतल्यावर पाणी आपोआप रस्त्याकडे जावं म्हणून त्याने सढळ हाताने उतार दिला. मग तो उतार तो साफ विसरला.

तेरा वर्षांनी माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून सोडताना सिस्टर मॅकिननने मला बजावलं, "घराच्या पायऱ्या त्यांना जमणार नाहीत. खोली जमिनीलगत हवी आणि दाराला बोटभरही उंबरा नको, वॉकर अडकतो. शुक्रवारी त्यांना घेऊनच येते. ठीक असलं तर राहतील, नाहीतर डनीडनच्या वृद्धाश्रमात जागा धरलेली आहे."

डनीडन गाडीने दोन तास. आईने सत्तर वर्षांत माताउरा सोडलं नव्हतं.

गॅरेजचीच आईसाठी खोली करायची, त्याचं पुढचं मोठं दार काढून तिथे फळ्यांची भिंत घालायची आणि त्यात साधं दार बसवायचं, असं ठरलं. रविवारी ऑब्रीचा धाकटा भाऊ क्लाइव हत्यारं घेऊन आला. आधी दोघांनी चौकटीचा उंबरा करवतीने कापून काढला. मग पाणसळ लावली, ओळंबा सोडला, पाचरी ठोकल्या, खिळे मारले. मी चीज रोल आणि चहा घेऊन गेले तेव्हा दोघे कमरेवर हात ठेवून चौकटीकडे कौतुकाने बघत होते.

"आता उघड," मी म्हणाले.

ऑब्रीने दार आत ढकललं. ते वीतभर उघडलं आणि कर्र करून कोब्यावर बसलं.

"बिजागरी घट्ट आहे," क्लाइव म्हणाला.

सोमवारी त्यांनी बिजागऱ्या बदलल्या. मंगळवारी दार उतरवून खालून रंधा मारला. दार आणखी वीतभर उघडलं आणि पुन्हा अडकलं. बुधवारी इतका रंधा मारला, की दार पूर्ण उघडायला लागलं खरं, पण मिटल्यावर खालून माझा अख्खा हात आत गेला. त्या दुपारी दक्षिणेचा वारा सुटला आणि पाऊस थेट आईच्या पलंगापर्यंत पोचला.

"फळी ठोकू खाली," ऑब्री म्हणाला.

"म्हणजे उंबराच की! अरे, तोच तर रविवारी कापलात!"

"मग काय करू, नॉरीन? कोबा फोडू?"

"कोबा आत चढत जातो, ऑब्री. तूच केलायस तसा. दार चढावर ढकलल्यावर ते अडकणारच. बाहेरच्या बाजूला उतार आहे ना? मग बाहेर उघडू दे."

दोघे भाऊ माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी छपराला दार लावायला सांगितलं होतं.

"बाहेर उघडणारं दार कोंबड्यांच्या खुराड्याला असतं," ऑब्री म्हणाला.

"आणि पहिल्याच वाऱ्याला उखडून नदीत जाईल," क्लाइवने री ओढली.

"मिटलेलं दार कसं जाईल रे? वारा बाहेरून जेवढा ढकलणार, तेवढं ते चौकटीला घट्ट बसणार. शाळेच्या स्वयंपाकघराचं मागचं दार तसंच आहे. नऊ वर्षं भांडी घासली मी त्याच्यामागे, एक थेंब आत आला नाही."

"लोक हसतील, नॉरीन."

"हसू देत. आईला डनीडनला सोडून आल्यावर मी हसणार नाहीये, एवढं लक्षात ठेव."

ऑब्री हातातला चीज रोल तसाच ताटलीत ठेवून निघून गेला. मला वाटलं, संपलं. पण गुरुवारी दुपारी बघते तर त्याने कुठूनतरी नवं, पूर्ण लांबीचं दार आणलं होतं आणि चौकटीत बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला लावत होता. क्लाइव शेजारी उभा राहून सल्ले देत होता. ऑब्रीने त्याला दोनदा शिवी घातली.

शुक्रवारी आई आली. वॉकर ढकलत दारापाशी आली आणि तिने मूठ धरून दार ओढलं. दार तिच्याच अंगावर येऊ लागलं. तिला मागे सरकावं लागलं, वॉकर तिरका झाला आणि सिस्टरने चटकन तिची कोपरं धरली. मी ऑब्रीकडे बघितलं नाही. माझ्याच हट्टाचं दार होतं ते.

"बाहेरून यांना एकटीला उघडता येत नाहीये," सिस्टर कागदावर काहीतरी लिहीत म्हणाली.

"मला बाहेरून उघडायचंय कशाला?" आई फणकारली. "बाहेर जाताना मी ते उघडंच टाकून जाणार. माझं आहे काय चोरायला? सिस्टरबाई, तुम्ही आतून बघा."

सिस्टरने दार धरलं आणि ती आत गेली. चाकं कुठेही न अडखळता गेली. सिस्टरने मागून दार मिटलं. आई वळली, एका बोटाने दार ढकललं आणि त्याच पावली बाहेर आली.

"एक आकडा लावा भिंतीला, दार उघडं धरायला," सिस्टर ऑब्रीला म्हणाली. "आजच."

"आत्ताच लावतो," ऑब्री म्हणाला आणि शेडकडे जवळजवळ पळालाच.

आई पाच वर्षं तिथे राहिली. उन्हाळा असो की हिवाळा, दिवसभर दार सताड उघडं टाकायची, आणि हीटर फुकट जळतो म्हणून ऑब्री रोज माझ्याशी भांडायचा.