न आलेल्यांची रांग

प्रसेनजित सरांचा भुतांवर विश्वास नव्हता. चिखलीच्या ज्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, तिथे त्यांनी भुताखेतांच्या विरोधात तीन व्याख्यानं दिली होती. तिसऱ्याला तर श्रोतेही होते. त्यामुळे वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, भाद्रपदातल्या लख्ख उजेडात, सकाळी साडेसात वाजता जे घडलं त्याला त्यांनी बरेच दिवस ‘निरीक्षणातली त्रुटी’ असंच नाव दिलं होतं.

सरांच्या पीएच.डी.चा विषय होता काविळीवरची झाडपाल्याची औषधं. विषय घेतला तेव्हा सोपा वाटला होता. डॉक्टर शोधावा लागतो. काविळीचं औषध देणारा वाटेतच भेटतो. पण सगळ्यांत नाव होतं ते सोजराबाईचं. साठी उलटलेली, काटक, बोलायला तिखट. पंचेचाळीस वर्षं दर रविवारी ती ओसरीवर बसून औषध देत आली होती आणि त्याचा एक पैसा घेत नव्हती.

तिची रीत ठरलेली. शनिवारी दिवस मावळायच्या आत नाल्याकाठी जायचं आणि झाडाला आवतण द्यायचं. बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, हात जोडायचे, म्हणायचं, “उद्या येतो बाप्पा, काम हाये.” रविवारी उजाडता उजाडता उपटायचं, वाटायचं, ताकातून वाटीभर पाजायचं. असे पाच रविवार. तेवढ्या दिवसांत तेल नाही, हळद नाही आणि दवाखान्याची पायरी चढायची नाही. दोन औषधं पोटात एकमेकांशी भांडतात म्हणे. बरं झालेल्यानं एक नारळ आणून द्यायचा. सोजराबाई तो फोडून रांगेत वाटायची आणि त्याची शेंडी ओसरीवरच्या दोरीला बांधायची.

झाडाचं नाव ती सांगत नसे. सरांनी ते पहिल्याच दिवशी लांबून ओळखलं होतं. भुईआवळी. पण तसं दाखवलं नाही. संशोधकाला थोडं अडाणी दिसावं लागतं, नाहीतर कोणी काही सांगत नाही. कावीळ बहुतेकांची आपली आपणच उतरते आणि श्रेय त्या वेळी जवळ जो उभा असेल त्याला मिळतं, हेही त्यांना ठाऊक होतं. तरी झाडात काही गुण असलाच तर तो मोजावा, म्हणून ते वर्षभर दर शनिवारी येत, गावातल्या नारायणरावांकडे मुक्काम करत आणि रविवारी वही घेऊन रांगेच्या तोंडाशी बसत.

वर्ष संपल्यावर त्यांनी दोरीवरच्या शेंड्या मोजल्या. त्यांच्या वर्षातल्या भरल्या दोनशे सत्त्याहत्तर. ज्याची ज्याची शेंडी होती, तो तो बरा झालेला होता. म्हणजे शंभर टक्के गुण! सरांनी पुण्याला आपल्या मार्गदर्शक बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “अभिनंदन. असा निकाल मी आजवर फक्त बिनविरोध निवडणुकीत पाहिलाय.” सरांना ते कौतुक वाटलं.

पुढच्याच रविवारची गोष्ट. रांगेत सतरा जण होते. सर नावं लिहीत शेवटाला आले, तर कुंपणाजवळच्या बाभळीखाली आणखी चार बाया उभ्या. पदर कपाळापर्यंत ओढलेले. रांग पुढे सरकली तरी त्या जागच्या हलेनात, ढकलाढकली करेनात. रांग न मोडणारी माणसं सर पहिल्यांदाच पाहत होते; तिथेच त्यांना संशय यायला हवा होता.

“नाव सांगा बाई,” सर म्हणाले.

“लिवलं हाये तुमी, सर,” पहिली म्हणाली.

“कधी?”

“आखाडात. अन्नपूर्णा. नववा नंबर.”

सरांनी पानं उलटली. होतं. अन्नपूर्णा, वय तेवीस, नंबर नऊ, अक्षर सरांचंच. पुढचा ‘बरी झाली’चा रकाना रिकामा.

“मग नारळ आणला नाही तो?” असं विचारत त्यांनी मान वर केली. बाभळीखाली कोणी नव्हतं. एक शेळी होती. तीही सरांकडे पाहत नव्हती. बाया उभ्या होत्या तिकडे पाहत होती.

सोमवारी सरांनी कॉलेजात रजा टाकली आणि मोटारसायकल काढून अन्नपूर्णाचं गाव गाठलं. तिचा सासरा दारात बसून दोर वळत होता. त्यानं सरांना पाणी दिलं आणि मग सांगितलं. आठवा महिना होता. तिसऱ्या रविवारनंतर असंबद्ध बोलायला लागली, मग बोलेनाशीच झाली.

“दवाखान्यात नेलं नाही?”

“कसं नेनार? दोन रविवार बाकी होते ना, सर,” म्हातारा समजावून सांगितल्यासारखं म्हणाला आणि पुन्हा दोर वळू लागला.

त्या दिवशी घरी परतून सरांनी वही नीट वाचली. आजवर ते ती फक्त लिहीत आले होते. औषध घेतलेले तीनशे अठरा. शेंड्या दोनशे सत्त्याहत्तर. न आलेले एक्केचाळीस. शेंडी बरा झालेलाच आणतो. मेलेला नारळ घेऊन येत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला त्यांना एक वर्ष आणि एक शेळी लागली होती.

पुढचे पंधरा दिवस सर त्या एक्केचाळीस घरांची दारं वाजवत फिरले. सदतीस जण ठणठणीत होते. कोणी सुरतेला कामाला गेलेलं, कोणी विसरलेलं, एकानं तर सरांनाच विचारलं, “तुमी येऊनच राह्यले होते तं नारळ घेऊन काऊन नाही आले?” उरल्या चौघी. चारही घरांत सरांनी पाणी घेतलं, चारही घरांत एकच हकिगत ऐकली. चौघींना दिवस गेलेले होते आणि चौघींचे काही रविवार बाकी होते. गरोदर बाईची कावीळ जिवावर उठू शकते, हे पुस्तकात होतं. सरांनी ते पान वाचलंही होतं, परीक्षेपुरतं.

शनिवारी सोजराबाई आवतण द्यायला निघाली तसे सर तिच्या मागोमाग नाल्यावर गेले. कसं सांगावं याची त्यांनी वाटभर जुळवाजुळव केली होती. ती बाईनं एका वाक्यात मोडली.

“चौघी ना? बाभळीखाली?”

सरांनी मान डोलावली.

“मले का डोये नाहीत, सर? दर रविवारी येऊन उभ्या राह्यतात. बोलत नाहीत, मांगत नाहीत. काही मांगतलं असतं तं बरं झालं असतं.”

“मग पोटुशी बाई आली तर औषध देऊ नका ना. सरळ दवाखान्यात धाडा.”

“सासूनं मरताखेपी वचन घेतलं मायाकून. दारात आलेल्या एकालेबी नाही म्हनशीन, त्या दिवशी गुन निंगून जाईन. एकाचा नाही, साऱ्याईचा.” ती बुडाशी तांदूळ ठेवत म्हणाली. “चौघींपायी तीनशेंचा गुन घालवू? सांगा. तुमी शिकेल हा.”

गुण गेला तर आपला प्रबंधही त्याच्याबरोबर जाईल, हा विचार शिकलेल्या माणसाच्या मनात आला. त्याची त्यांना लाज वाटली. पण आला तो आलाच.

सोजराबाईनं झाडाला हात जोडले. “उद्या येतो बाप्पा,” म्हणाली. पुढचं ‘काम हाये’ आज तिच्या तोंडून निघालं नाही.

रविवारी सकाळी जीपमधून उतरली सुवर्णा. वीस-एकवीस वर्षांची, पोट पुढे आलेलं, डोळ्यांची पांढरी बाजू झेंडूसारखी झालेली. बरोबर सासू कौशल्याबाई. रांगेत नंबर लागला सहावा. सरांनी नाव विचारलं तर पोरीनं आपल्या आईचं नाव सांगितलं. सासू म्हणाली, “कालपासून असंच करून राह्यली, सर. झोपबी भलत्याच टायमाले.” सरांच्या हातातला पेन थांबला. हीच हकिगत त्यांनी चार घरांत ऐकली होती.

त्यांनी बाभळीकडे पाहिलं. बाभळीखाली आज कोणी नव्हतं. सातव्या नंबरवर होते नारायणराव, सरांचे यजमान. गेल्या महिन्यात तेही पिवळे पडले होते. पण ते सुवर्णापासून चांगली पाच-सहा पावलं मागे उभे.

“पुढे सरका ना नारायणराव.”

“कुठं सरकू, सर?” नारायणराव वैतागून म्हणाले. “गर्दी दिसत नाही का पुढं?”

पुढे सुवर्णा होती, तिला धरून सासू होती, आणि मग नुसतं रिकामं अंगण.

सुवर्णाची पाळी आली. सोजराबाईनं वाटी भरली, उचलली आणि तिचा हात तसाच राहिला. ती सुवर्णाकडे पाहत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे पाहत होती.

“द्या ना बाई,” कौशल्याबाई म्हणाल्या. “लय दुरून आलो आमी.”

“कितवा?”

“आठवा लागला.”

सोजराबाईनं वाटी खाली ठेवली. “नाही देत.”

पंचेचाळीस वर्षांत त्या ओसरीनं हा शब्द ऐकला नव्हता.

“असं काऊन करता बाई? आमचं काय चुकलं?”

“तुमचं नाही चुकलं. दवाखान्यात न्या इले. आत्ताच्या आत्ता.”

“पन दोन औषधं भांडतात म्हने ना?”

“भांडायलेबी मानूस जित्तं लागते, माय.”

आता नारायणरावांना जाग आली. “अन् आमचं काय? तुमी ‘नाही’ म्हनलं, गुन गेला ना! माया तिसरा रविवार हाये आज!”

“तुमची कावीळ मांगच्या रविवारीच उतरली. आता फकस्त नारळ लांबवून राह्यले तुमी,” सोजराबाई म्हणाली. मग तिनं औषधाचं मोठं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि अंगणात पालथं केलं. सरांनी आपलं वर्षभराचं संशोधन मातीत मुरताना पाहिलं. मुरायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

जीपवाला दारातच तंबाखू मळत होता. “आठ सवाऱ्या झाल्याबिगर गाडी हालत नाही, सर. माया धंदा हाये.” सर त्याच्याशी भांडायच्या तयारीला लागले. सुवर्णाला आत बसवलं, मग कौशल्याबाई चढल्या, सोजराबाई कोणी न बोलावता चढली, शेवटी सर. जीपवाल्यानं आरशात पाहिलं, ओठांतल्या ओठांत मोजलं, “झाले आठ,” म्हणाला आणि गाडी चालू केली.

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. पण समोरासमोरच्या दोन्ही बाकांवर मिळून चार माणसं असताना त्यांना कोपर ठेवायला जागा नव्हती. गुडघे तिरके करून, अंग चोरून ते बसले. जीपमध्ये ओल्या मातीचा वास येत होता, आणि पाऊस आठ दिवसांत नव्हता.

अर्ध्या वाटेत सुवर्णाची मान कलंडली. सोजराबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहून हलकेच म्हणाली, “सरका वं जराशा. पोरीले पाय लांबवू द्या.”

कोणी सरकलेलं दिसलं नाही. पण जागा झाली. कौशल्याबाईंनी सुनेचे पाय उचलून त्या बाकावर ठेवले. कोणाशी बोलणं झालं, हे त्यांनी विचारलं नाही. सरांनीही विचारलं नाही. त्यांना आपली तिन्ही व्याख्यानं आठवत होती.

मोठ्या दवाखान्यात स्ट्रेचर आलं, सलाईन आलं, सरांच्या वयाच्या निम्म्या वयाची वाटावी अशी डॉक्टर मुलगी आली. “काही झाडपाला पाजला का हिला?” तिनं पहिला प्रश्न विचारला.

“नाही,” सोजराबाई म्हणाली. दुसऱ्यांदा तो शब्द सोपा गेला.

“कावीळ मेंदूवर चढते आहे. मी आत्ता काही वचन देत नाही,” डॉक्टर म्हणाली आणि आत गेली.

वचन देत नाही, हे ऐकून सोजराबाईनं त्या बंद दाराकडे आदरानं पाहिलं.

दुपार गेली. चार वाजून गेल्यावर आतून निरोप आला की पोरीनं डोळे उघडलेत, पाणी मागितलंय, बाळाचे ठोके लागताहेत. पण आठवडाभर तरी जवळ कोणीतरी सतत हवं. कौशल्याबाईंना ते ऐकताच घेरी आली आणि त्यांना बाकावर आडवं करावं लागलं. सिस्टर कागद घेऊन बाहेर आली.

“पेशंटजवळ कोण राहणार?”

“मी,” सोजराबाई उठली.

“नाव?” नाव लिहून झालं. “पेशंटशी नातं?”

सोजराबाईनं बराच विचार केला. इतका की सिस्टरनं पेन दोनदा कागदावर आपटला.

“मी इले औषध देल्लं नाही,” ती म्हणाली.

“ते असू द्या हो. नातं काय?”

“तेच.”

सिस्टरनं सरांकडे पाहिलं. सर शिकलेले दिसत होते.

“लिहा,” प्रसेनजित सर म्हणाले. “त्या सांगताहेत तसंच लिहा.”