अध्यापनाखेरीज

मास्तरांच्या बायकोचं ते पत्र अनुस्वारांना अजून तोंडपाठ होतं. होतंच केवढं? 'भावोजी, यांचे विद्यार्थी यांच्यासाठी एकदा जमू म्हणतात. यांच्या उद्यानातच व्हावं असं मला वाटतं. वीसेक माणसं, अर्धा तास. चालेल की नाही तेवढं कळवा. तुमचं उत्तर आलं की सगळ्यांना सांगते.'

उत्तर गेलंच नाही.

अनुस्वार हे त्यांचं खरं नाव नव्हे. विद्यापीठाच्या कचेरीत परिपत्रकं लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि दुसऱ्याच्या मसुद्यात एक टिंब राहिलं तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा, म्हणून हे नाव चिकटलं. मास्तर त्यांचे वर्गमित्र. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेही बहुतेक विद्यापीठाच्या उद्यानातच, झाडाखाली उभं राहून. साथीच्या पहिल्या लाटेत गेले. शेवटचं तोंडही कुणाला पाहता आलं नाही.

पत्र आलं तेव्हा आवारात दहाहून अधिक माणसांनी जमायचं नाही, असा नियम होता. मित्राच्या बायकोला 'नाही' लिहायला अनुस्वारांचा हात धजेना. नियम लवकरच सैल होणार अशी कुजबुज होती; मग एकदम 'हो'च कळवू, असं त्यांनी ठरवलं. नियम बदलला खरा, पण उलटा. दहाचे पाच झाले. पुढे वर्ग भरू लागले, एकेका खोलीत वीस-वीस मुलं बसू लागली, आणि त्याचं परिपत्रक अनुस्वारांनीच लिहिलं : 'अध्यापनाखेरीज अन्य कोणत्याही कारणासाठी आवारात एकत्र येता येणार नाही.'

"काय वाक्य आहे काका!" टायपिस्ट बाई मास्कआडून हसल्या. "मुंगी आत शिरेल तर शपथ!"

अनुस्वार खुलले. जिना उतरताना मात्र त्यांना वहिनींचं पत्र आठवलं. 'अध्यापन व शोकसभा' असं लिहून तर पाहता आलं असतं. कुणी हात थोडाच धरला होता? पण कुलसचिवांनी कारण विचारलं असतं, आणि त्यांच्यापुढे अनुस्वारांची बोबडी वळायची. पुढच्या दुरुस्तीत सुचवू, असं ते स्वतःशीच म्हणाले. पुढच्या दुरुस्तीतही तेच म्हणाले.

यथावकाश सगळेच नियम मागे घेतले गेले. आता परवानगीच लागत नाही, मग कळवायचं काय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि निवृत्त झाले.

परवा औषधांच्या दुकानात मास्तरांची मुलगी भेटली.

"आई कशी आहे?"

"गुडघे कुरकुरतात, आणि आई गुडघ्यांवर कुरकुरते. चाललंय."

अनुस्वारांनी हातातली औषधांची चिठ्ठी दुमडली. "मास्तरांसाठी ते... जमला होतात ना, नंतर?"

"कुठलं हो! मी म्हणत होते, आपल्या गच्चीवर थोडेथोडे जमू. आई म्हणे, भावोजींचं उत्तर येऊ दे. नाही म्हणायचं असतं तर त्यांनी लगेच कळवलं असतं. गप्प आहेत म्हणजे खटपट करत असतील." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मग मुलं पास होऊन पांगली. राहूनच गेलं, काका."

घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, 'नाही' लिहायला काय जास्त शाई लागते?"

"तिला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं ना. आणि दुसऱ्या दिवशी तिने गच्ची झाडून घेतली असती."

अनुस्वार टेबलाशी जाऊन बसले. मग त्यांनी लिहिलं : 'वहिनी, तुमच्या पत्राचं उत्तर "नाही" असं होतं. मला ते त्याच दिवशी ठाऊक होतं. मी कळवलं नाही, आणि तुम्ही थांबून राहिलात.' पुढे 'आता सर्वांना जमता येईल' असं लिहिलं आणि खोडलं. सर्व म्हणजे कोण? शुद्ध प्रत करावी म्हणून नवा कोरा कागद पुढे ओढला, तसाच परत सारला, आणि खाडाखोडीसकट पत्र पाकिटात घातलं.

"आता कुठे निघालात? जेवण तयार आहे."

"आलोच."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट टाकलं. पेटी बहुधा रिकामी असावी. ते तळाला पडल्याचा आवाज आला.