एकतीस फुलांची लग्ने

माघातली कोवळी, केशरकांती सकाळ पोफळींच्या उंच माथ्यांवरून हळूहळू खाली उतरत होती. झावळीझावळीतून गळत, पाटाच्या पाण्यावर थरथरत ती बागेच्या तळाशी पोचली, तेव्हा पोफळींना बिलगलेल्या व्हॅनिलाच्या वेलींवर फुले उघडली होती. फिकट पिवळी, हरितछाय, मेणासारख्या नितळ पाकळ्यांची फुले. वर्षभराची प्रतीक्षा आणि एका सकाळचे आयुष्य. पराग जुळला नाही तर दुपार कलण्याआधी ती गळून पडणार होती.

या वेलीचा भुंगा सातासमुद्रापार राहिला. म्हणून इथे माणसाने लिंबाचा काटा घ्यायचा, फुलाच्या कंठातला नाजूक पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग अलगद दाबायचा. तळकोकणातल्या त्या गावात बायका याला फुलांचे लग्न लावणे म्हणत. आणि गावात लग्न लावणारा खरा हात एकच, कालिंदीचा. तिने लावलेले लग्न सहसा मोडत नसे.

त्या सकाळी त्याच हाताच्या मनगटावर हळदीची पाच बोटे उमटली होती.

बोटे शालिनीची, तिच्या थोरल्या जावेची. घरात शालिनीच्या मोठ्या लेकीची, केतकीची हळद लागत होती. जिला कालिंदीने न्हाऊमाखू घातले, जिचे ताप मांडीवर घेऊन उतरवले, त्या पोरीच्या गालाला हळद लावायला ती पुढे झाली. शालिनीने माखलेल्या हातानेच तिचे मनगट धरले, चारचौघींच्या देखत.

"तू नको गो, कालिंदी. शुभकार्य आसा. तुझो हात लागलो तर चेडवाच्या संसाराक नाट लागात."

नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती. त्या सहा वर्षांत याच हातांनी घरच्या भाकऱ्या थापल्या, शालिनीच्या बाळंतपणापासून दुखणाऱ्या कंबरेत तेल याच हातांनी जिरवले. तेव्हा कशाला नाट लागला नव्हता. गरज सरो, वैद्य मरो!

कालिंदी रडली नाही. ती बागेत आली, काटा घेतला आणि लग्ने लावू लागली. घरात सनईचे सूर, इथे पाटाची झुळझुळ. घरात अक्षता, इथे पराग. एका फुलाशी ती पुटपुटे, "हे लग्न मी लावले, आणि हे ती गिळेल." मग दुसऱ्या फुलाशी तेच. मग तिसऱ्याशी तेच. ऊन डोक्यावर येईपर्यंत एकतीस फुले झाली.

एकही फूल गळले नाही. एकतीस हिरव्या, सडपातळ, लोंबत्या शेंगा धरल्या. कालिंदीने त्याच काट्याने प्रत्येक शेंगेच्या सालीवर पाच ठिपके टोचले. शेंग वाढते तसा व्रणही वाढतो, आणि शेंग वाळली तरी तो जात नाही.

"कीड लागलीसा काय गो हेंका?" शालिनीने एकदा विचारले.

"नाय वयनी. माझी खूण आसा," ती म्हणाली.

हिरव्या शेंगेला गंध नसतो. हुंगावी तर गवताइतकाही वास नाही. तिला आधी मारावी लागते, मगच ती बोलू लागते. पुढल्या पौषात कालिंदीने शेंगा उतरवल्या, बोटाला चटका बसेल इतक्याच कढत पाण्यात बुडवल्या, आणि वाफाळत्याच घोंगडीत गुंडाळल्या. रात्रभर त्या घामेजल्या. सकाळी उन्हात, दुपारी घोंगडीत. पुन्हा ऊन, पुन्हा घोंगडी. हिरवी तपकिरी झाली, तपकिरी काळी झाली, काळी सुरकुतली. आणि एका संध्याकाळी त्या सुरकुतीतून तो पहिला, मंद, मधुगंधी निःश्वास सुटला. कालिंदीने डोळे मिटले. तिच्या रागालाही आता वास येऊ लागला होता.

चैत्रात तिने अर्क उतरवायला सावंतवाडीहून रम मागवली. एसटीच्या कंडक्टरने पिशवी देताना भुवई अशी चढवली की ती उतरायला मळगावचा थांबा यावा लागला असेल. विधवा बाई आणि रम! कालिंदीने लक्ष दिले नाही. तिने सुरीने शेंग न् शेंग उभी चिरली. आतून तिळाहून बारीक, कृष्णकांती कण सांडले. काचेच्या बाटलीत शेंगा, शेंगांवर रम, रमवर घट्ट बूच. बाटली फडताळाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली.

मग रोजचे एक व्रत. सकाळी उठावे, देवाला हात जोडावे, बाटली एकदा हलवावी, परत ठेवावी. वैशाखात द्रव मधासारखा झाला. श्रावणात काढ्यासारखा. दिवाळीत दिव्यासमोर धरला तर उजेड पलीकडे जाईना. सबुरी तिला कुणी शिकवली नव्हती. अपमान आपोआप शिकवतो.

त्या हळदीनंतरचा दुसरा माघ आला. शालिनीच्या धाकटीचे, मंजिरीचे लग्न ठरले.

"रुखवतात केक तुझ्याच हातचो होयो हां," शालिनी म्हणाली. "तुझा ता वासाचा पाणी घाल. मुंबयची मानसा येतली. पण तू मात्र भायर येव नको."

हात चालतो, बाई चालत नाही. कालिंदीने नुसती मान हलवली.

मग मंजिरी येऊन गळ्यात पडली. "काकी, माझ्या रुखवतात सगळ्यात मधे तुझो केक." त्या कोवळ्या मिठीत कालिंदीचे मन विरघळले. या पोरीने काय केले होते? बाटली पाटात ओतून द्यावी, असेही वाटले. मग तिची नजर स्वतःच्या मनगटावर गेली. हळद कधीच धुतली गेली होती, पण तिला ती दिसत होती.

लग्नाच्या सकाळी रवा, दही, नारळाचा दाट रस कालवला, आणि दहा महिने कोंडलेले बूच निघाले. स्वयंपाकघर भरले, माजघर भरले, ओटी भरली. मांडवातली माणसे बोलता बोलता थांबून नाक वर करू लागली.

रुखवतासमोर विहीणबाईंनी केकचा तुकडा तोंडात टाकला आणि बोटे नाकाशी नेली. "हा वास दुकानातला नाही हो. कुठून मागवलात?"

शालिनीने तिसरा तुकडा उचलून तोंडात भरला. "मागवतलाव खयसून? आमच्याच बागेतलो. आमी घराकच करताव."

तेव्हा माजघराच्या दारातून कालिंदी बाहेर आली. हातात बाटली, बाटलीत काळ्या शेंगा, शेंगांवर पाच पाच ठिपके.

"ही फुलं आपणहून फळत नाहीत, विहीणबाई," ती म्हणाली. "लग्नं लावावी लागतात त्यांची. ही एकतीस मी लावली. केतकीच्या हळदीला माझं मनगट धरून मला मागे सारलं, त्याच सकाळी. माझ्या हाताने संसाराला नाट लागतो म्हणाले. एकतिसांतलं एकही गळलं नाही."

शालिनीचा घास तोंडात तसाच राहिला. गिळावा तर तो हात पोटात जाणार. थुंकावा तर लेकीच्या मांडवात गोड घास थुंकल्याचा अपशकुन. शकुन-अपशकुनाची जी दोरी तिने दुसरीसाठी वळली, ती तिच्याच गळ्याशी आली होती.

कालिंदी जवळ गेली. व्हॅनिलाने ओल्या, तपकिरी बोटांनी तिने जावेचे मनगट धरले, चारचौघींच्या देखत.

"गिळा, वयनी. शुभकार्य आसा."

शालिनीने गिळले. घास गळ्यातून उतरताना सगळ्यांना दिसला.

विहीणबाईंनी बशी पुढे केली. "आणखी एक द्या," त्या कालिंदीला म्हणाल्या. "तुमच्याच हातानं."

वरात गेली. मांडव ओस पडला. मागीलदारी, न्हाणीच्या दगडापाशी, शालिनी मनगट धूत बसली होती. आधी साबणाने, मग राखेने, मग लिंबाच्या फोडीने. डाग केव्हाच गेला होता. पण जितके चोळावे तितके कातडे तापत होते, आणि जितके तापावे तितका तो गंध उमलत होता. ती धूत होती, आणि दरवळत होती. ती धूत होती, आणि दरवळत होती.