गोकुळच्या हातांचा वास

गोकुळच्या अंगाला पेट्रोलचा वास येतो, ही घरात थट्टेची गोष्ट होती. जानेफळकडच्या तलावावर बोटींचा धंदा काढणाऱ्या गुलाबरावांनी जुन्या मोटारबोटी आणि पाण्यावरच्या स्कूटर आणून ठेवल्या आणि चालवायला गावातल्याच गोकुळला घेतलं. तेव्हापासून रविवारच्या गर्दीत तो असा काही मिरवायचा, जणू तलाव त्याच्या आज्यानेच खणला होता. संध्याकाळी घरी आला की गोजरबाई, त्याची आई, चहाच्या आधी साबण पुढे करायची.

त्यामुळे मयुरीने, त्याच्या बायकोने, पाण्याचा पेला तोंडाजवळ नेऊन नाक मुरडलं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. माहेरी करणारं कोणी नसल्यामुळे तिचं बाळंतपण सासरीच झालं होतं, आणि गोजरबाई तिला दिवसभर कोमट पाणी पाजायची. कोमट केलं की वास जास्तच उठायचा. गोजरबाईने निकाल दिला की हा मेला माठात हात घालतो, आणि त्याला माठाजवळ फिरकायची बंदी केली. गोकुळ हसला. बायकोपुढे चोर ठरण्यातही त्याला तेव्हा मजा वाटली.

पाणी गढूळही यायला लागलं होतं. तलावातून चर काढून काठच्या, गावाच्या पिण्याच्या विहिरीत पाणी घेतलेलं, आणि चरीच्या तोंडाजवळच बोटी वळायच्या. उथळ पाण्यात पंखा फिरला की तळाचा गाळ ढवळून निघायचा. गोजरबाई हंड्यात तुरटी फिरवायची, गाळ खाली बसायचा, वर काचेसारखं पाणी दिसायचं. दिसायला स्वच्छ ते स्वच्छ, एवढंच तिचं शास्त्र होतं, आणि गावात तरी कोणाचं याहून वेगळं होतं?

मग एका स्कूटरचं इंजिन बंद पडलं. ते घेऊन गोकुळ मेहकरला मोतीराम मिस्त्रीकडे गेला आणि काम होईपर्यंत आठवडाभर मावशीकडे राहिला. मोतीरामने इंजिन उघडलं, बोटाने आतलं काजळ पुसलं आणि सहज सांगितलं की ही जुनी जात पेट्रोलमध्ये ऑईल कालवून चालते, त्यातला चौथा हिस्सा न जळताच बाहेर पडतो. कुठे पडतो, असं गोकुळने विचारलं. मोतीरामने त्याच्याकडे नीट पाहिलं. बोट पाण्यात चालते ना, मग पाण्यातच, असं म्हणून तो पुन्हा कामाला लागला.

गोकुळ तिथे हसला. परतीच्या बसमध्ये मात्र त्याला चरीच्या तोंडाशी तरंगणारा रंगीत तवंग आठवायला लागला. पर्यटकांच्या लेकरांना तो कौतुकाने दाखवायचा, पहा, पाण्यात इंद्रधनुष्य. घाबरण्यासारखं काही नाही, वास तर आपल्याच हातांचा, असं तो गाव येईपर्यंत स्वतःला बजावत राहिला. इंजिन त्याने फाट्यावरच गुलाबरावांच्या माणसाच्या गाडीत चढवून दिलं. मावशीकडे आंघोळ झाली होती, कपडे धुतलेले होते. तरी घरी आल्यावर त्याने आधी साबणाने हात घासले आणि मग माठावरचं झाकण काढलं.

वास आला. हात नाकाशी नेले तर नुसता साबण. इतके दिवस तो या घरात नव्हता, माठाला त्याचा हात लागला नव्हता.

घर रिकामं होतं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आज बाळाचा सव्वा महिना भरला, आणि बायका मयुरीला घेऊन विहीर पुजायला गेल्या असणार. बाळंतिणीने विहिरीला हळदकुंकू वाहायचं, आपल्या हाताने पाणी शेंदायचं, घोटभर प्यायचं आणि ओलं बोट लेकराच्या जिभेला लावायचं, ही त्यांची रीत. गोकुळ चप्पल न घालताच धावत सुटला. तलावावर गुलाबरावांचा दुसरा माणूस बोट फिरवत होता, इंजिन घरघरत होतं. तो आवाज त्याने रोज ऐकला होता, आज तो ऐकून त्याने धाव वाढवली.

विहिरीवर मयुरीचा घोट घेऊन झाला होता. बोट लोट्यात बुडवून ती बाळाच्या ओठाशी नेत होती. गोकुळने तिचं मनगट धरलं आणि आपल्या सदऱ्याच्या टोकाने ते बोट पुसून काढलं. भरल्या पूजेत असा हात धरणं म्हणजे अपशकुनच, आणि तोही बापाने करावा.

"काऊन बे, याड लागलं का तुले?" गोजरबाई म्हणाली.

"माय, पाण्यात पेट्रोल हाय."

"तुह्या हाताचा वास हाय तो."

गोकुळने दोन्ही हात तिच्या नाकाशी धरले. "घे वास. मी इथं नव्हतो."

गोजरबाईने वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिने लोटा उचलून नाकाशी नेला, आणि तिचा चेहरा उतरला. रोज सकाळ-संध्याकाळ तिनेच ते पाणी तापवून, फुंकर घालून सुनेला दिलं होतं. ती विहिरीच्या काठावर खाली बसली.

गोकुळ भराभर बोलत सुटला. आता इथलं पाणी नको, सुलतानपूरच्या पाहुण्यांकडून बोअरचं पाणी आणू, बाळाच्या तोंडात तर थेंबही गेला नाही, वेळेवर आलो. आपण लेकराला वाचवलं असं त्याला खरंच वाटत होतं.

मयुरी आपल्या बोटाकडे बघत होती. "हे तुमी पुसलं," ती हळूच म्हणाली. "पण सव्वा महिना मी हेच पित होती, अन् त्याले अंगावर पाजत होती. ते कसं पुसान?"

बाळ जागं झालं आणि भुकेने रडायला लागलं. मयुरीने सवयीने पदर सरकवला, त्याला छातीशी घेतलं, आणि तिचा हात तिथेच थांबला. बाळ तोंड उघडून शोधत होतं. ती भेदरून गोकुळकडे बघत राहिली.