लीमेनचा पाचवा अर्थ

“लीमेन काढा बघू,” बाई म्हणाल्या. नव्या कोशाचा कागद त्यांनी आधीच हुंगून घेतला होता.

कात्रीकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. लॅटिन कोशाची पहिली प्रत घेऊन ते काही हौसेने आले नव्हते. कोशाच्या कार्यालयाने पाठवलं म्हणून आले होते. तीस वर्षं ते तिथे मुद्रितं तपासत होते. लांबलेली नोंद कापून पानात बसवावी ती त्यांनीच, म्हणून हे नाव.

लीमेन म्हणजे उंबरा. या एका नामासाठी बाईंनी जुने ग्रंथ पालथे घातले होते, तीनशे चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. उंबरा, दार, आरंभ, शर्यत सुटते ती जागा; आणि पाचवा अर्थ, घर. शेवटच्या मुद्रितात नोंद चार ओळी पुढे गेली. त्या ठेवल्या तर पुढची साठ पानं नव्याने लावावी लागणार होती. अर्थ गाळायचा तर लिहिणाऱ्याची सही हवी, हा कार्यालयाचा नियम. बाई तेव्हा डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात होत्या. काकांनी पाचवा अर्थ उडवला आणि समासात बाईंची सही स्वतःच ठोकून दिली. त्या घरी आल्या की सांगू, असं ठरवलं होतं. बाई आल्या त्या दृष्टी गमावून. मग काका इकडे फिरकलेच नाहीत. कोणत्या तोंडाने फिरकणार?

“वाचा ना. घसा बसलाय का?”

काकांनी चार अर्थ वाचले. मग पाचवाही म्हटला, उदाहरणासकट. ज्याने कापला त्याला तो पाठ असणारच.

बाईंचा चेहरा फुलला. “हा सापडला तेव्हा मी आनंदाने उठले आणि अख्खा चहा चिठ्ठ्यांवर सांडला, आठवतंय? माझं बोट ठेवा त्याच्यावर.”

“आता?”

“अहो, दिसत नाही, निदान हात तरी लावू द्या.”

काकांनी त्यांचं बोट पानावर टेकवलं. कुठल्याही ओळीवर ठेवलं तरी बाईंना काय कळणार होतं! तोच विचार मनात आला आणि काकांना स्वतःची शिसारी आली.

“बाई, तो छापलेलाच नाही. मी कापला. तुमची सहीपण मीच केली. चुकलो मी.”

बाईंनी बोट उचललं नाही.

“मग या बोटाखाली काय आहे?”

“पुढचा शब्द.”

“तो वाचा,” बाई म्हणाल्या. “आणि छापलंय तेवढंच वाचा.”