तिसरी सृष्टी

श्रावणातल्या सोमवारी मष्णूआप्पांनी शेतातून अळंबी आणली आणि घरात वाद पेटला, ही शाकाहारी की मांसाहारी? बेळगावच्या कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं, ऋतिकानं, निकाल दिला, "आप्पा, ही वनस्पती न्हाय, प्राणी बी न्हाय. बुरशीची सृष्टीच निराळी."

"मग श्रावण मोडत न्हाय!" म्हणत आप्पांनी सगळ्यांच्या आधी दोन वाट्या रस्सा ओरपला.

आप्पांच्या बायकोचा, मालुबाईंचा, वाढता हात थांबला. वारुळाखेरीज दुसरीकडची अळंबी विषारी निघेल म्हणून या घरात शिजत नसे. "अवो, वारुळावरचीच न्हवं?"

"वारूळ नांगरटीत गेलं गं. कुजक्या बुंध्यावरची हाय, दिसायला तशीच."

ऋतिकानं गाडीची किल्ली घेतली.

"दवाखाना कशाला? मला काय बी होत न्हाय," आप्पा म्हणाले आणि पोटावर हात ठेवून वाट बघत बसले.