जनूनं चाखलेलं पाणी

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पेणच्या खाडीकाठच्या त्या वाडीत काळुराम महाराजांनी काचेच्या दोन बरण्या पाण्यानं भरून मांडल्या होत्या. पहिल्या बरणीत त्यांनी अंडं सोडलं, ते बुडालं. मग नऊ वर्षांच्या भाविकाला त्या अंड्यावर फुंकर मारायला लावून त्यांनी ते दुसऱ्या बरणीत टाकलं. अंडं तरंगायला लागलं!

"पोरीची वाचा धरणारी बया वर आली!" महाराज गरजले. "गळ्यावर डाग द्या, नायतर सात दिवसांत पोर कायमची मुकी. पान्याला कुनी बोट लावू नका, बाधा उडंल!"

चुलीत विळा तापत होता.

डॉ. नूतन धापा टाकत गर्दीत घुसली. ही रोह्याची मुलगी. मुंबईत तीन वर्षं मनोविकार शिकली, मग बंगळुरूला लहान मुलांचं मन. एवढं शिकून गावात नाव पडलं 'वेड्यांची डॉक्टरीण'. भाविका घरी चुरूचुरू बोलायची, शाळेत मात्र वर्षभर एक शब्द नाही, म्हणून वर्गाच्या बाईंनी तिला नूतनकडे धाडलं होतं. दोनदा आली. आज तिसऱ्यांदा आलीच नाही, तेव्हा नूतननं दवाखान्याला कुलूप लावून रिक्षा पकडली.

घरच्यांच्या श्रद्धेवर चालून जाऊ नका, असं तिला शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी कोलाडच्या एका पोराच्या वेळी तिनं ते ऐकलं, गोड बोलत राहिली. तो पोरगा परत आला तो पाठ भाजूनच. तेव्हापासून तिला स्वस्थ बसवत नसे. आता तर विळा लाल झाला होता.

भाविकाचा बाप जनू मिठागरात राबणारा. नूतन त्याच्यापुढे उभी राहिली.

"जनूभाऊ, मीठ पडायला आलंय हे तुम्ही कसं ओळखता?"

"जिभंवर घेऊन. का?"

"मग हे पाणीही घ्या जिभेवर."

"हात लावशील तर मरशील!" महाराज ओरडले.

जनूनं लेकीकडे पाहिलं. ती आईच्या पदराआड थरथरत होती. त्यानं दुसऱ्या बरणीत बोट बुडवून चाखलं आणि तो पचकन थुंकला.

"हे तर आगरातलं तयार पानी! यात अंडं तरंगनारच की!"

"माझ्या मंत्रानं खारट झालं," महाराज म्हणाले.

"मंत्रानं पानी खारट व्हतं, तर आमी उनात कशाला मरतो?"

अंगण हसलं. त्या हशातच महाराज सटकले.

शेजारची काशीबाई हात जोडून पुढे आली. "बाय, तुज्याच अंगात देवी हाय गो!"

"नाही हो, काशीबाई! माझ्या अंगात काही नाही," नूतन वैतागून म्हणाली. "पोर चारचौघांत घाबरते, म्हणून तिचा गळा बंद होतो. महिने लागतील, दर गुरुवारी यावं लागेल. मी सांगते तेही पटेपर्यंत प्रश्न विचारत राहा."

जनूनं चुलीवर घागर उपडी केली. विळा चरचरला.

"जल्मभर पानी चाखलं," तो पुटपुटला, "आन् पोरीच्या येळंला विसरलो."

"पुढच्या वेळी देवाचं नाव घेऊन कुणी काही पुढे केलं, तरी आधी चाखा," नूतन म्हणाली.